विहिरीची ओटी

उदगीरच्या बाजारात, महादेवाच्या देवळाकडं वळणाऱ्या बोळाच्या तोंडाशी संगप्पा फुलाऱ्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, वर पोत्याचं छप्पर आणि ओल्या फडक्याखाली झाकलेल्या माळा. गावातल्या कितीतरी नवरानवरींच्या गळ्यात त्याच्या हातचे हार पडले होते. बोलायला तो फार भिडस्त. गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की हा मान खाली घालून दोरा ओढत बसायचा. एका बाबतीत मात्र त्याचा शब्द शेवटचा असे. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं की पहिलं बोलावणं फुलाऱ्याला. फुलं, बेल घेऊन त्यानं जायचं, पहिली घागर महादेवाच्या पिंडीवर घालायची, मग घरच्या सुनेनं विहिरीची ओटी भरायची. पिंडीवर पाणी पडल्याशिवाय कुणी ओंजळसुद्धा लावत नसे.

त्या वर्षी असं बोलावणं एकही आलं नाही. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि लोक म्हणत, जिल्हा आला पण पाऊस उस्मानाबादलाच राहिला. झेंडू करपला, शेवंती गेली. बेलाची झाडं तेवढी तग धरून होती. त्याच उन्हाळ्यात संगप्पाची एकुलती लेक उमादेवी देगलूरकडच्या सासरहून नेसत्या लुगड्यानिशी माघारी आली.

 तिसऱ्या दिवशी आईच्या, रत्नम्माच्या, मांडीवर डोकं ठेवून तिनं सांगितलं. पाणी कमी आणलं म्हणून विरूपाक्षानं, तिच्या नवऱ्यानं, तिला वेणीला धरून विहिरीच्या काठावर ओणवं केलं होतं. खाली पाणी नव्हतं, नुसते दगड. "बघून ठेव," एवढंच तो म्हणाला होता.

संगप्पानं ऐकलं आणि सुई दोऱ्यासकट फळीत खोचून ठेवली. काडीमोड पंचांसमोर करावी, तर पंचांतले निम्मे सासरचे सोयरे. शेवटी कुणीतरी म्हणालं, आता कोर्टाशिवाय सोडचिठ्ठी पक्की होत नाही, लातूरला जा.

लातूरला वकिलांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. इतक्या पाट्या बघून संगप्पा गांगरला. त्यातली एक मलप्पा वकिलाची. आडनाव ओळखीचं, कपाळाला विभूती. आपला माणूस, म्हणून संगप्पा लेकीला घेऊन आत शिरला आणि भिडस्त माणूस एकदा मोकळा झाला की जसा बोलतो तसा बोलला. वेणी, विहीर, दगड, सासरच्या शेजारणीनं, केवळाबाईनं, ते पाहिलं होतं तेही. मलप्पानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठल्या घराण्यात दिली म्हणालात?"

संगप्पानं सांगितलं. मलप्पानं टोपण लावून पेन खिशात ठेवला. "बघू. घाई करू नका. लेकीचा संसार हाय."

बाहेर आल्यावर उमादेवी म्हणाली, "अप्पा, ह्यो माणूस माझ्याकडं एकदा बी बघितला न्हाई. मला ह्याचं काम नको."

तसे ते दोघं शेषेराव वकिलाकडं गेले. हा म्हातारा, तोंडाचा फटकळ. त्यानं संगप्पाला बाकावर बसवलं आणि प्रश्न सगळे उमादेवीला विचारले. मग म्हणाला, "ऐक पोरी. लग्न उदगीरला लागलं, म्हणून दावा इकडं चालतो. सासरकडं नांदेडला खेटे घालायची गरज न्हाई. आपण अर्ज देऊ, त्याला समन्स जाईल. आधी जजसाहेब दोघांना बोलावून समेट करून बघतील. तिथं रडू नको, घाबरू नको, नको तर नको म्हण. मग साक्षीपुरावा. तोवर पोटगी मागू. लागतील वर्षं, उद्या मोकळी होशील असं मी म्हणणार न्हाई."

"आणि तवर?" संगप्पानं विचारलं.

"तवर एकच पथ्य. हिनं त्या घरात रात्र काढायची न्हाई. सण असो, मयत असो. नवऱ्यासंगं पुन्हा नांदली की मागचा छळ माफ केला असं समोरचा वकील कोर्टाला सांगणार. आणि..." त्यानं चष्मा काढला, "काठावर धरणारा माणूस दुसऱ्यांदा नुसता धरत न्हाई. या आधी कुणाला बोललात का हे?"

संगप्पानं मान हलवली, न्हाई म्हणून. मलप्पाचं नाव सांगायची त्याला लाज वाटली. उमादेवीनं बापाकडं पाहिलं, पण परक्यासमोर त्याला खोटं पाडलं नाही.

अर्ज गेला. समन्स निघालं. तिकडून ना शिवी आली, ना निरोप. रत्नम्मा म्हणाली, निवळलं वाटतं. संगप्पाला मात्र ही शांतता सोसेना. दुकानात बसल्याबसल्या तो उगाच रस्त्याकडं बघायचा. केवळाबाईचा निरोप तेवढा आला, कुणाकडून तरी फिरून. मला साक्षीला बोलावू नका, माझी लेकरं इथंच राहायची हायेत. संगप्पाच्या हातातला बेल तसाच राहिला. केवळाबाईचं नाव दोनच वकिलांसमोर निघालं होतं.

त्यानंतर एका सोमवारी दारात जीप थांबली. विरूपाक्षाचा चुलता गुरुपादप्पा उतरला. हातात नारळ, खण, हिरवं लुगडं.

"शरणार्थी, इवाई!" व्याह्याला नमस्कार घालत तो अंगणातूनच ओरडला. "तोंड गोड करा. विहिरीला पाणी लागलं! सुरुंग लावून खोल केली, आन् असा झरा फुटला म्हणता!"

रत्नम्मानं दोन्ही हात जोडले. त्या वर्षी पाणी लागलं हे ऐकून वैऱ्याच्याही डोळ्यांत पाणी यावं. तिनं पाहुण्याला तांब्या दिला, त्यानं तो एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला.

"ओटीला सून पायजे," गुरुपादप्पा म्हणाला. "कोर्टकचेरी चालू द्या तिकडं. पाण्याशी काय वैर? एक रात्र ऱ्हाईल, सकाळी आणून सोडतो. एकच रात्र."

संगप्पाला शेषेरावानं सांगितलेलं पथ्य आठवलं. तरी पाण्याचं पूजन नाकारायचं म्हणजे पाप, तेही असल्या सालात. तो लेकीकडं बघू लागला. उमादेवी चौकटीला टेकून उभी होती. तिची नजर गुरुपादप्पाच्या तोंडावर नव्हती, त्याच्या हातातल्या तांब्यावर होती.

"मामंजी," ती म्हणाली, "पाणी लागलं तर कळशीभर आणायचं की. हितंच ओटी भरली असती."

"पोरी, विहीर काय जीपमधी घालून आणू?" गुरुपादप्पा हसला. हसताना त्याचे डोळे हसले नाहीत.

तेव्हा संगप्पा बोलला. इतका हळू, की रत्नम्मालाही पुढं वाकावं लागलं.

"महादेवाला घागर कुणी घातली?"

"आं?"

"पहिली घागर. बेल कुणाकडनं नेला?"

गुरुपादप्पानं तांब्या खाली ठेवला. "ते... सून आल्यावर. सगळं एकदमच."

"पिंडीच्या आधी ओटी?" संगप्पा म्हणाला. "असं कुठंच न्हाई, इवाई. तुमच्यात बी न्हाई."

चिंचेवर एक कावळा चोच उघडी टाकून बसला होता. गुरुपादप्पानं लुगडं, खण उचलले. नारळ तिथंच राहिला. जीपमध्ये एक पाय ठेवून तो वळला.

"मलप्पा आपला माणूस होता की रं संगप्पा. त्याला सोडून परक्याच्या दारात गेलास. बरं न्हाई केलंस. आता तारखेला येतावा आम्ही बी. तारखा लई असत्यात. रस्ता बी लांब हाय."

जीप गेली. संगप्पा उंबऱ्यावर बसला. "उमा, मीच सांगितलं गं त्याला. केवळाबाईचं बी."

"मला ठावं हाय, अप्पा. आता शेषेरावांना सांगा. लाजू नका."

तारखेच्या सकाळी बापलेक लातूरच्या एसटीत चढले. संगप्पानं जाताना देवळातून बेलाचं पान आणून लेकीच्या पदराला बांधलं होतं. स्टँडच्या फाटकाशी तीच जीप उभी होती. पुढं विरूपाक्ष बसला होता, आणि शेजारी, कपाळाला विभूती लावलेला, मलप्पा वकील.

संगप्पानं खिडकीची काच ओढायला घेतली.

"राहू द्या," उमादेवी म्हणाली. "मी कुठं बसले ते बघू दे त्यांना." ती उठून कंडक्टरच्या मागच्या बाकावर, भरल्या एसटीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी जाऊन बसली.

एसटी हलली. मागं धुळीत जीपही चालू झाली.