दामूचा उजळ फोटो

नांद्याच्या चंद्रकलेला हौस एकच: नवरा फोटोत उजळ दिसावा. दामू रंगानं तव्याच्या बुडासारखा. त्यात लहानपणी देवी आलेल्या, एका गालावर तीन खोल वण. लग्नातच तिनं फोटोवाल्याला बजावलं, "ह्यांना जरा उजळ करा बरं का." पुढं पोराच्या लग्नातही तेच.

दामू म्हणायचा, "अगं, लोकं इचारतील, ह्यो कोन पाव्हना?"

"इचारू द्या. तुमी गप उभं ऱ्हावा."

दामू गेला, त्याला वर्ष होत आलं. पोरानं ठरवलं, विहाराच्या अंगणात काळ्या दगडाचा बाक ठेवायचा, पाठीवर बापाचा चेहरा कोरायचा. नेऱ्याचा बुद्धभूषण हे काम करतो. फोटो कॉम्प्युटरात घालतो, रंग काढून नुसता काळा-पांढरा करतो, आणि मशीन त्यावरून दगड कोरतं.

चंद्रकला पिशवीभर फोटो घेऊन गेली. बुद्धभूषणनं एकेक घालून बघितला. दरवेळी पडद्यावर पांढरं ताट, त्यात दोन डोळे नि मिशी.

"आजी, ह्यात चेहराच न्हाई. सगळा धुऊन काढलाय. एखादा साधा न्हाई का?"

"मोबाईलात हाय एक."

तोही नातीनं, ऋतिकानं, आजीच्याच सांगण्यावरून गोरा केलेला. मूळचा आजीला आवडला नाही म्हणून पोरीनं तेव्हाच पुसून टाकला होता.

बुद्धभूषणनं काळं वाढवलं, तर मिशी गालभर पसरली. कमी केलं, तर मिशीही गेली.

"देवीचं वण टाक बाबा," चंद्रकला म्हणाली. "मंग वळखू येतील."

"टाकतो की हातानं. कुटल्या गालावर?"

तिनं हात डाव्या गालाशी नेला. थांबली. चुलीपुढं ती भाकरी थापायची, तो समोर बसायचा. वण जाळाच्या बाजूला दिसायचे. म्हणजे तिच्या उजवीकडं... मग त्याच्या? पुढं गॅस आला, ओटा आला, बसायची जागाच बदलली. हात उजव्या गालाकडं गेला, परत आला.

"तुमच्या पोराला फोन लावू?"

"पोराला काय ठाव? त्याच्या बी डोळ्यापुढं आता हेच फोटो."

तिनं हात पदरात घेतला. "असू दे. असाच कोर."

आता विहाराच्या अंगणात तो बाक आहे. पाठीवर एक गुळगुळीत मिशीवाला. येणारी-जाणारी म्हणतात, "लई झ्याक दिसत्यात दामूकाका!"

"व्हय तर," चंद्रकला म्हणते.

रोज संध्याकाळी ती तिथं जाऊन बसते. पाठ मात्र टेकत नाही.