पेट्रोलचा धीर

मामा इंजिन दातांनी ऐकायचे. मी सगळ्याच गोष्टींना तिखटमीठ लावतो, पण इथे लावायची गरजच नाही. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ दातांत घट्ट धरायची आणि डोळे मिटायचे. तारापूरच्या कारखान्यात वीस वर्षं प्रेस मशीनवर काढल्याने त्यांचे कान निम्मे गेले होते. जवळ जाऊन ओरडलं तर ऐकू येई, पण बारीकसारीक आवाज दातांतूनच डोक्यात शिरायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस गाडी खातोय.

सरावलीत पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज. ते साऱ्या जगाचे मामा आणि सारं जग त्यांचा भाचा. बावन्नाव्या वर्षी, बायकोला न विचारता, मी एक जुनी लाल टर्बो स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची आणि इतकी बुटकी, की बायको पहिल्यांदा बसली तेव्हा तिला बाहेर काढायला दोघे लागले. गाडी बघायला गर्दी जमली. मामांनी मात्र तिच्या रंगाकडे पाहिलंही नाही. टाकीचं झाकण उघडून आतली चिठ्ठी वाचली, "किमान पंच्याण्णव ऑक्टेन," आणि कपाळाला हात लावला. "भाच्या, ह्या लेकराला पथ्य हाय. तुला जमेल?"

काळजी हा मामांचा मूळ धंदा, गॅरेज जोडधंदा. रस्त्यात भेटले की 'कसा आहेस' नाही, 'टाकीत काय घातलंस?' हाच नमस्कार. मी एकदा म्हणालो, "मामा, महागडं पेट्रोल म्हणजे जास्त ताकद, एवढंच ना?" तर चहा खाली ठेवून ते जवळ सरकले.

"ताकद नाय रे, धीर. ऑक्टेन म्हंजे पेट्रोलचा धीर. तुझा टर्बो हवा कोंबतो, आत दाब वाढतो, भट्टी होते. साधं एक्क्याण्णवचं पेट्रोल घाबरतं. ठिणगीची आग पोचायच्या आधीच कोपऱ्यात आपलं आपण पेटतं. मग टकटक. एकेक टकटक म्हंजे पिस्टनच्या डोक्यात हातोडी."

"पण मामा, हल्ली गाडीतला कंप्युटर ओळखतो की. इंजिनाला आवरतो."

"आवरतो ना. म्हणून काय तू रोज जुलाब थांबवायची गोळी घेऊन धावणार?"

शेजारचे गुरुजी स्कूटरला लाडाने महागडं पेट्रोल पाजायचे. मामा त्यांच्यावरही तितकेच चिडायचे. "तिच्यात तेवढा दाबच नाय, गुरुजी! बकरीला चष्मा कशाला?"

मग यंदाच्या मे महिन्यात मी शेण खाल्लं. मनोरला लग्नाला निघालो होतो, उशीर झाला होता, आणि वाटेतल्या पंपावर पंच्याण्णवचं संपलेलं. पुढचा पंप शोधायचा सोडून मी साधंच भरलं. तेही निभलं असतं. "कधी अडलास तर साधं भर, पण मग पाय हलका ठेव," असं मामांनी बजावलं होतं. पण वाघोबा खिंडीच्या चढावर पुढे ट्रक आला आणि माझ्यातला नायक जागा झाला. पाय खाली गेला आणि डब्यात खडे हलवावेत तसा आवाज सुरू झाला. मी ट्रकमागे गप राहिलो. लग्नात जेवण उतरलं नाही. परतताना रांगत सरावली गाठली.

"टाकीत काय घातलंस?" चढावरच्या टकटकीचं सांगितल्यावर मामांनी विचारलं.

आणि मी, बावन्न वर्षांचा घोडा, म्हणालो, "पंच्याण्णव."

मामांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पेट्रोल चांगलं, तरी टकटक, म्हणजे आतच काहीतरी मोडलंय. इंजिन उघडावं लागणार. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, मूठ तोंडात धरली, डोळे मिटले. बराच वेळ गेला. मूठ काढून पुसली, पुन्हा धरली. तेव्हा मला दिसलं, त्यांचे दात नवे होते. पांढरेशुभ्र, एकसारखे, कवळीचे.

"काय नाय येत," ते हळूच म्हणाले. "गेल्या आठवड्यात सगळे काढले, लगेच कवळी बसवली. डॉक्टरला सांगितलं, चावता नाय आलं तरी चालेल, ऐकू आलं पायजे." ते स्टुलावर बसले. "आता लोकं सांगतील तेच मला ऐकायचं. इंजिन खोलतो, भाच्या."

पान्हा हातात घेऊन ते बॉनेटखाली वाकले.

"मामा, साधं भरलं होतं," मी ओरडलो. "मी खोटं बोललो."

मला वाटलं, आता पान्हा डोक्यात बसणार. पण त्यांनी टाकी रिकामी केली, सगळं पेट्रोल गुरुजींच्या स्कूटरच्या वाट्याला गेलं. कॅनमधून पंच्याण्णव आणून ओतलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "चल खिंडीत."

चढ लागल्यावर मी पाय दाबला. मामा रस्त्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. पूर्ण चढभर.

"वाजतंय?"

"नाही, मामा."

"नक्की?"

"नक्की."

वर वाघोबाच्या देवळाशी गाडी थांबवली. मामा उतरले नाहीत. माझ्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हलेना. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिखटमीठ न लावता बोललो होतो, आणि ते खरं वाटावं म्हणून काय करायचं, हेच मला येत नव्हतं.

"परत खाली घे," मामा म्हणाले. "अजून एकदा चढव. आणि ह्या खेपेला तू माझ्यासाठी ऐक."