दामाजीची वही आणि माझी कांडी

दामाजी कोळी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमच्याच कारखान्यात टूलरूमला होता. राहायला कोपरीत. मी, बाळ, इन्स्पेक्शनला. दिवसभर दुसऱ्याच्या कामात खोट शोधायची, ही सवय मला घरीही सुटत नसे.

एक्क्याण्णव साली त्याच्या बोटीवरच्या मेव्हण्याने एका खेळाचं पुस्तक आणलं. आपण मांत्रिक व्हायचं, गुहेत शिरायचं, राक्षस मारायचे. शुक्रवारी इस्टेट बंद, म्हणून दामाजी, त्याचा शेजारी मधू आणि मी त्याच्या ओटीवर जमायचो. मंत्र टाकताना फासा टाकायचा. खेळ चालवणारा दामाजी त्यात ज्याच्या-त्याच्या जादूच्या कांडीची ताकद मिळवायचा. बेरीज मोठी, तेवढा तडाखा मोठा. ती चारच्या खाली गेली, तर राक्षसच आपल्याला मारणार. मांत्रिक मेला की आपण खेळातून कायमचे बाहेर. मी एकटा माणूस, मला तो शुक्रवार हवाच होता.

मधूला आणि मला सापडलेल्या कांड्या पाच-पाच ताकदीच्या. पुढचा हिशेब दामाजीच्या वहीत, आणि वही त्याच्या मांडीखाली! तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. मधूला चार पडले की राक्षस आडवा. मला तेच चार पडले तर नुसता ओरखडा.

एकदा मी फासा खिशात घालून कारखान्यात नेला आणि व्हर्नियर कॅलिपरने सगळीकडून मोजला. मापात निघाला. म्हणजे घोळ वहीतच होता.

पुढच्या शुक्रवारी, राक्षस समोर उभा असतानाच मी म्हणालो, "दामाजी, वही दाखव."

"राहू दे रे, बाळ."

"का? चोरी पकडली जाईल?"

त्याचा चेहरा पडला. त्याने वही पुढे सरकवली.

मधूची कांडी पाचच. तो जपून वापरायचा. माझ्या नावापुढे मात्र पाच, चार, तीन, करत करत शून्य.

"हत्यार फार वापरलं की झिजतं, पहिल्याच दिवशी सांगितलेलं तुला," दामाजी म्हणाला. "तू उंदरावरपण मंत्र टाकतोस."

रोज झिजलेली हत्यारं बाद करणारा मी! शून्याखाली पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं : 'बाळला दोन धरणे. मांत्रिक मेला तर तो यायचा बंद होईल.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे झुकतं माप यालाच होतं," मधू म्हणाला.

दामाजीने ती ओळ खोडली. मी फासा टाकला. तीन पडले. त्याने त्यात वहीतलं शून्य मिळवलं.

"तीनच रे, बाळ," तो म्हणाला. "गेला तुझा मांत्रिक."