आजाऱ्याचा घड

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या माघात जेवण जवळपास सोडलंच होतं. भाताची पेजसुद्धा घशाखाली उतरत नव्हती. दवाखान्यानं घरी न्या म्हटलं, म्हणून मी त्यांना माझ्या सासरी, पडेगावला आणलं. एके सकाळी ते म्हणाले, "बाई, हबशीचा घड मिळंल का गं?"

हबशी म्हणजे दौलताबादची जुनी काळी द्राक्षं. किल्ल्याच्या पायथ्याला आबांची बाग होती, पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढवलेली. दुष्काळात विहीर आटली, बाग गेली, आणि आबा शहरात, क्रांती चौकात, फळांच्या गाड्यावर उभे राहिले. त्या गाड्यावर द्राक्षं मात्र त्यांनी कधी ठेवली नाहीत. असा माणूस तोंडानं काही मागतोय म्हटल्यावर मी स्टोव्हवरचा चहा तसाच खाली उतरवला आणि नवऱ्याला म्हणाले, स्कूटर काढा.

मिटमिटा झालं, शरणापूर झालं, माळीवाडा झाला. जिथं तिथं लोखंडी अँगल, तारांचे मांडव आणि बिनबियांची हिरवी द्राक्षं. हबशीचं नाव काढलं की लोक हसायचे. "ताई, बिया थुंकत बसायला आता कुणाला टाइम हाय?" एकानं तर मोठ्या मनानं हिरव्याची पेटीच पुढं केली. मला असा संताप आला, म्हटलं, राहू द्या तुमच्याच घरी. दुपार कलली तरी काही मिळेना. माझे डोळे सारखे भरून येत होते, आणि हे म्हणत होते, धूळ लई आहे, पदर घे तोंडावर.

अब्दीमंडीच्या पुढं, विहिरीच्या काठाला, एका म्हाताऱ्या बागवान चाचांकडं पांगाऱ्यावरचा एकच वेल निघाला. घड काळे झाले होते. चाचांनी मण्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रंग आलाय, गोडी नाय आली, बेटी. आठ दिवस थांब."

"घरी बाप आजारी हाय, चाचा. त्यांच्याकडं आठ दिवस हायत का नाय, कुणाला ठावं."

चाचांनी घड कापला आणि पळसाच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिला. शेजारीच तागडी टांगलेली होती, तिच्याकडं पाहिलंही नाही. आमच्या बागांमधली ही रीतच. आजाऱ्याचा घड तोलायचा नाही; तोलला तर त्याचं आयुष्य मोजल्यासारखं होतं. आबांनीही उभ्या जन्मात तो कधी तोलला नव्हता.

घरी आल्यावर त्यांना उशीला टेकवून बसवलं. घड हातात आला तसा चेहरा असा खुलला की मला वाटलं, जिंकलं आपण. मग त्यांनी नेमका शेंड्याचा मणी तोडला. घड वरून पिकत येतो, शेंडा सगळ्यात शेवटी, म्हणून बागवाला चव बघतो ती शेंड्याचीच. मणी दाताखाली धरला आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

"कच्चा तोडलास? बागवाल्याची लेक ना तू?"

"आबा, वरचे मणी गोड असतील. ते तरी खावा."

"नाय. कच्चा घड म्या कुणाला इकला नाय, आन आता सोता खाऊ व्हय? पिकू दे. मंग आन."

एवढी गावोगाव हिंडले त्याचं काहीच नाही का, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले, आणि मग मोरीत जाऊन रडले. ते आपले शांत पडून होते. संध्याकाळी जावयाला विचारत होते, "जावईबापू, त्या वेलाचं पाणी तोडलंय का हो त्यांनी? तोडल्याबिगर गोडी भरत नाय."

तो आठवडा पुरा झाला नाही. आबा पहाटे गेले.

गेलेल्या माणसाच्या आवडीचं तेराव्याला पानात वाढतात. आदल्या दिवशी मी पुन्हा अब्दीमंडीला गेले. वेलावरचे घड आता गच्च भरले होते. चाचांनी मला लांबूनच ओळखलं. शेंड्याचा मणी स्वतः चाखला, मान हलवली, सगळ्यात मोठा घड कापला आणि पानात गुंडाळत म्हणाले, "अब देखो. अब्बा खुश होतील."

मी हात पुढं केला नाही. म्हटलं, "चाचा, तागडीत घाला."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, पान सोडवलं आणि घड हळूच पारड्यात ठेवला.