खडकाला चिकटलेले सर

आमच्या सरांना पोहता येत नव्हतं, पण समुद्राच्या तळाशी कोण कोणाला खात नाही, हे ते छातीठोकपणे सांगत. बेल्ह्याजवळच्या मेंढपाळाच्या घरातला माणूस. कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे आणि त्यांच्या माघारी आम्ही त्यांना ‘स्पंजवाले सर’ म्हणायचो.

स्पंज म्हणजे भांडी घासायचा नव्हे, खडकाला जन्मभर चिकटून राहणारा जीव. “मेंढी ज्या झुडपाला तोंड लावत न्हाई, त्यात कायतरी असतंय,” सर म्हणत. “हितंबी तेच. पळता येत न्हाई, कवच न्हाई, तरी मासा खात न्हाई. मग अंगात औषध असणारच.” किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत असताना याच न्यायानं त्यांनी एका पिवळ्या स्पंजातून कुठल्याच यादीत नसलेला पदार्थ काढला होता. पण तो निघाला चिमूटभर. त्याची रचना ठरवायला पुरेना. पुन्हा स्पंज आणायचा, तेवढ्यात वडिलांना अर्धांगवायू झाला आणि सर गावी आले ते आलेच.

तो स्पंज अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीलाच उघडा पडे, तोही समुद्र शांत असताना, दिवाळीनंतर. आणि नेमका दिवाळीनंतरच धाकटा भाऊ मेंढरं घेऊन कोकणात उतरे. मग अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना, आबांना, दर दोन तासांनी कुशीवर वळवायला घरात सरच. तास संपला की मोटारसायकलला किक मारून ते घर गाठायचे. दर अमावास्येला समुद्रावर जायला भरलेली पिशवी खुंटीला टांगलेली असे आणि दुसऱ्या दिवशी तशीच रिकामी होई. मेंढरं दरवर्षी समुद्राच्या वाऱ्याला जाऊन येत, सर नाही. मला याचा भयंकर राग यायचा.

एका वर्षी त्यांनी भावालाच खडक समजावून दिला. बर्फाचा डबा दिला, मिळालं की लगेच एस्टीनं पाठव म्हणून बजावलं. भाऊ उन्हाळ्याच्या तोंडाला स्वतःच घेऊन आला. मोठ्या अभिमानानं त्यानं फडकं सोडलं. “बर्फ काय टिकला न्हाई, दादा. सडलं असतं. म्हणून कातड्यावानी मीठ चोळलं अन् चार दिस उन्हात वाळवलं.”

सरांनी तो वाळका तुकडा हातात घेतला. मग म्हणाले, “लई बेस केलंस.”

उन्हात तो पदार्थ टिकणार नाही हे ठाऊक होतं, तरीही त्यांनी अर्क काढून तपासला. काचपट्टीवर अर्कातल्या बाकीच्या पदार्थांचे ठिपके उमटले, हव्या त्या पदार्थाचा तेवढा नाही. सरांनी ती पट्टी तीनदा धुतली. मी शेजारी उभी होते.

पुढं मला त्याच प्रयोगशाळेत जागा मिळाली. निघताना त्यांनी खडकाचा नकाशा काढलेली वही हातात दिली. “तू जा. मी हितं चिकटलोय,” म्हणाले आणि हसले. त्यांचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच मोठ्या ओहोटीला मी त्या खडकावर पोचले. स्पंज होता, हाताएवढा, पिवळाधमक. मी सरांना व्हिडिओ कॉल लावला आणि सुरी काढली.

“थांब, कापू नको,” सर म्हणाले. “जरा बघू दे.”

मागून आबांचा जड आवाज आला, “काय हाय रं?”

“समुद्र हाय, आबा,” म्हणत सरांनी फोन खाटेकडे वळवला.

पाणी चढायला लागलं तरी मी फोन तसाच धरून उभी होते. शेवटी सर म्हणाले, “हां, घे आता. पर बूड ठेव. परत वाढंल.” आणि आबांना वळवायची वेळ झाली म्हणून त्यांनीच फोन ठेवला.