चोकमास्तरांची थाप

चोकमास्तर गिऱ्हाइकाला कधी थाप मारत नसत. पाच मिनिटांचं काम असेल तर पाच मिनिटांचंच सांगत, त्यामुळे त्यांचं गॅरेज काही मोठं झालं नाही ते नाहीच. जुन्या गाड्यांचा चोक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. इंजिन गार असताना डॅशबोर्डावरचा नॉब ओढायचा, म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटते आणि हवा कमी, पेट्रोल जास्त जातं. इंजिन तापत आलं की नॉब हळूहळू आत. एवढीशी गोष्ट, पण लोक तिथेच घोळ घालतात, असं ते वैतागून म्हणत.

चोक नीट बसवायला दोन माणसं बरी पडतात. एकाने आत बसून नॉब ओढायचा, दुसऱ्याने बॉनेटखाली झडप बघायची. आत बसायचा तो मास्तरांचा मुलगा. तो साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, तेव्हा कितीतरी दिवस गॅरेजचं शटर उघडलं नाही. बायको आधीच गेलेली. घरात मास्तर आणि सून, दोघंच.

एके सकाळी सूनच किल्ली घेऊन समोर उभी राहिली. "बाबा, उठा. असं बसून राहिलो तर दोघांनाही वेड लागेल."

ती आत बसू लागली, मग बॉनेटखालीही डोकावू लागली. गाडी ओव्हर झालीय, म्हणजे जास्त पेट्रोलने प्लग भिजलेत, की नुसती गारठलीय, हे तिला वासावरून कळायला लागलं.

तिचं दुसरं लग्न मास्तरांनीच जुळवलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण मास्तर हटले नाहीत. "तिचं अख्खं आयुष्य पडलंय पुढे," हे त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी त्यांना स्वतःलाही ते पटलं.

रीतसर सह्या होऊन लग्न लागलं. नवा नवरा तिला न्यायला, निघायच्या आदल्या संध्याकाळीच वडिलांच्या जुन्या गाडीतून आला. गाडी रात्रभर थंडीत उभी. सकाळी सामान चढवलं, तर ती काही केल्या सुरू होईना. नॉब ओढून ओढून तो बिचारा रडकुंडीला आला.

"बाबा, जरा बघता का?" त्याने हाक मारली.

मास्तरांनी बॉनेट उघडलं. चोकच्या तारेचा स्क्रू ढिला झाला होता, त्यामुळे नॉब ओढला तरी झडप उघडीच. दोन पिळांचं काम. स्क्रूड्रायव्हर खिशातच होता. मास्तरांनी खिशात हात घातला, आणि तोंडातून निघालं, "ओव्हर झालीय. तासभर कुणी हात लावू नका."

सून येऊन वाकली. पेट्रोलचा वास कुठेच नव्हता. तिने झडप पाहिली, स्क्रू पाहिला, मग मास्तरांकडे पाहिलं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मास्तरांना झालं.

"बाबा म्हणतात तर थांबू या," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही घरात बसा, मी चहा टाकते."

नवऱ्याला चहा देऊन ती दोन कप घेऊन गॅरेजच्या पायरीवर मास्तरांशेजारी येऊन बसली. मास्तरांच्या कपावर साय धरली.

"मी खोटं बोललो," शेवटी ते म्हणाले.

"कळलं मला."

"मीच सगळ्यांशी भांडलो आणि आता मलाच..." त्यांनी कप पायरीवर ठेवला. "घर खायला उठेल गं."

"म्हणून तर मी इतके दिवस लग्नाला नाही म्हणत होते, बाबा." तिने पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "द्या तो स्क्रूड्रायव्हर. की तुम्ही करताय?"

मास्तरांनी तो तिच्या हातात ठेवला आणि स्वतः जाऊन आत बसले. तिने तार ओढून घेतली, केसभर ढील ठेवून स्क्रू आवळला. "ओढा आता." त्यांनी नॉब ओढला, किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. ते तापेपर्यंत मास्तरांनी नॉब थोडा थोडा आत ढकलला, पार शेवटपर्यंत, आणि खाली उतरले.

"वाटेत पुन्हा अडली तर काय करू, बाबा?" नव्या नवऱ्याने बाहेर येत विचारलं.

"हिला विचारा," मास्तर म्हणाले. "आणि हिलाही नाहीच जमलं, तर सरळ माघारी या दोघं."

तिला जमणार नाही असं त्या गाडीत काहीच नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.