सोन्याच्या बेटांवरच्या पायऱ्या

रायपूर राजधानी झालं तसं आमच्या प्रयोगशाळेचंही नशीब उघडलं, नवं यंत्र आलं. त्यावर आम्ही दोघी पीएचडीचं काम करायचो. मी रायपूरच्याच ब्राह्मणपाऱ्यातली, सीनियर. ती अभनपूरहून रोज बसनं यायची. तिच्याही घरी मराठी, पण माझ्याशी बोलायची हिंदीतच.

ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर काही अणूंएवढा जाड ऑक्साइडचा थर, वीज अडवणारा. त्यावर सोन्याची बेटं, डोळ्यांना न दिसणारी. वर यंत्राची सुई, न टेकवता धरलेली. बेट इतकं लहान की एक इलेक्ट्रॉन बसला की दुसऱ्याला लगेच थारा नाही. म्हणून व्होल्टेज वाढवलं की प्रवाह पायरीपायरीनं चढायला हवा. माझ्या ग्राफमध्ये वर्षभर एकही पायरी दिसली नाही. तिच्या ग्राफमध्ये चार आल्या.

मला मेलं पटेचना. ती मोजायची कधी, तर सगळे डबा खायला गेले की, आतून कडी लावून.

"काहून कडी लावून बसते वं?" मी विचारलं.

"सबके रहते ठीक नहीं आता, दीदी."

"तुहा ग्राफ लाजते का?"

ती हसली नाही. झालं, माझी खात्रीच पटली. ही पोट्टी आकडे घरून बनवून आणते.

खोटं कशाला बोलू, जळत होते मी. एकदा ती सुट्टीवर असताना, चार वाजता, तिचाच नमुना लावला. बाहेर क्लास सुटलेले, जिन्यावर धडाधड पाय वाजून राहिले होते. ग्राफ आला सरळ रेघ. तो कागद मी आमच्या गाइडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

सरांनी तिला सगळ्यांसमोर मोजायला बसवलं. आम्ही सातजण भोवती चुळबुळत उभे. पुन्हा रेघ. महिन्याभरात तिनं पीएचडी सोडली आणि गावच्या शाळेत नोकरी धरली.

पुढच्या उन्हाळ्यात, सुट्ट्यांमुळे इमारत रिकामी असताना, मी नवा नमुना मोजला. चार पायऱ्या आल्या. जिन्यावरचे ते पाय आठवले. उठून फरशीवर जोरात पाय आपटला. सुई हलली, थर फोडून खालच्या ॲल्युमिनियमला टेकली, आणि पडद्यावर रेघ आली.

अभनपूर बसनं तासाभरावर आहे. मी गेले नाही. त्या पायऱ्या माझ्या प्रबंधात छापल्या आहेत आणि लोक मला डॉक्टर म्हणतात.